सहा इंच कुठे गेले?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील म्हणत आले. यांपैकी दुसऱ्या गोष्टीचा अनुभव माझ्या वाट्याला येण्याचा प्रश्नच नाही. लग्ने मी लावतो, करीत नाही. पहिल्या गोष्टीचा अनुभव मात्र मला गेल्या वर्षी आला, आणि तोही दुसऱ्याच्या घराच्या निमित्ताने. ते घर आता उभे आहे, त्यात माणसे राहत आहेत, आणि चुलीवर दोन वेळा भात शिजत आहे. परंतु त्या घराच्या नकाशात माझ्या हातून एक चूक झाली होती. ती एका वृद्ध गवंड्याने वेळीच धरली म्हणून निभावले. ती चूक कोणती, ती कशी घडली आणि तिने मला काय शिकविले, हे सांगावे म्हणून हा लेखप्रपंच. वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांना आज ना उद्या घर बांधावयाचे आहे. त्यांच्या उपयोगी पडेल असे यात काही सापडले, तर माझी फजिती सार्थकी लागली असे मी समजेन.

खानापूर तालुक्यातील आमचे धर्मग्राम लहान आहे. पावसाळ्यात येथे पाऊस असा पडतो की संध्याकाळच्या बैठका आपोआप बंद होतात. अशाच एका पावसाळ्यात आमच्या गावचा एक तरुण नोकरीची वाट पाहत घरी बसला होता. आयटीआयमध्ये त्याने आरेखकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला होता. त्याचे शिकलेले गंजू नये आणि माझ्या संध्याकाळी रिकाम्या जाऊ नयेत, म्हणून मी त्याला म्हटले, "बाळ, तू मला शिकव." त्याने धर्मगुरुनिवासातील जुन्या संगणकावर नकाशे काढण्याचा एक विनामूल्य मिळणारा कार्यक्रम घालून दिला आणि आमची शाळा सुरू झाली. शिक्षक बावीस वर्षांचा, विद्यार्थी सेहेचाळीस वर्षांचा. शिक्षक फार कडक होता.

मला वाटत होते की नकाशा काढणे म्हणजे रेघा ओढणे. रेघा मी आठवड्याभरात ओढू लागलो. तेव्हा तो म्हणाला, "फादर, हे चित्र झाले; नकाशा नव्हे. यावर मापे कुठे आहेत? मापे नसतील तर गवंडी काय बांधणार?" त्या दिवसापासून आम्ही मापांचा अभ्यास आरंभिला, आणि मला कळून चुकले की नकाशाचा प्राण रेघांत नसून मापांत आहे.

मापाचे अंग-उपांग असते. ज्या दोन टोकांमधील अंतर सांगावयाचे, त्या टोकांपासून दोन बारीक रेषा बाहेर निघतात. त्या भिंतीला चिकटत नाहीत; मध्ये किंचित जागा सोडतात, म्हणजे भिंत कोणती आणि मापाची रेघ कोणती यात गोंधळ होत नाही. आमचा तरुण त्यांना 'विटनेस लाइन' म्हणे, म्हणजे साक्षीदार रेषा. हे नाव मला तेव्हाच आवडले. त्याचा खरा अर्थ मात्र पुढे कळला. या दोन साक्षीदारांच्या मध्ये एक आडवी रेघ असते, तिच्या दोन्ही टोकांना बाण किंवा लहानशी तिरपी खूण असते, आणि रेघेच्या वर आकडा असतो. घरांच्या नकाशात बाणापेक्षा तिरपी खूणच पुष्कळदा दिसते. आकडे असे लिहावयाचे की कागद समोर धरला असता ते खालच्या बाजूने किंवा उजव्या बाजूने वाचता यावेत. गवंड्याला मान उलटी करण्याची पाळी येऊ नये.

संगणकावर हे काम वरवर फारच सोपे आहे. पडद्यावर आपण घर लहान करून काढीत नाही. दहा फुटांची भिंत दहा फुटांचीच काढतो. लहान होते ते कागदावर छापताना. मग मापाची आज्ञा द्यावयाची, भिंतीचे एक टोक दाखवावयाचे, दुसरे टोक दाखवावयाचे, आणि रेघ कोठे ठेवावयाची ते सांगावयाचे. आकडा आपण लिहीत नाही, यंत्र स्वतः मोजून लिहिते. अट एवढीच की टोक नेमके टोकावर पकडले पाहिजे. नजरेने 'येथेच कुठेतरी' म्हणून बोट ठेवले, तर दहा फुटांऐवजी नऊ फूट पावणेबारा इंच असा आकडा उमटतो. यासाठी कार्यक्रमात 'स्नॅप' नावाची सोय असते. ती चालू ठेवली की खूण आपोआप कोपऱ्यावर जाऊन बसते.

एकामागून एक खोल्यांची मापे साखळीसारखी जोडून घेता येतात. माझ्या शिक्षकाचा नियम होता की घराच्या प्रत्येक बाजूला मापांच्या तीन ओळी असाव्यात. भिंतीच्या सर्वांत जवळच्या ओळीत दारे-खिडक्यांची मापे, दुसरीत खोल्या आणि भिंतींची जाडी, आणि सर्वांत बाहेरच्या ओळीत या टोकापासून त्या टोकापर्यंतचे एकूण माप. मी विचारले, "तुकडे दिलेच आहेत, तर एकूण माप कशाला? बेरीज ज्याची त्याने करावी." तो म्हणाला, "बेरीज ज्याची त्याने करावी म्हणूनच, फादर. जमाखर्चात शेवटी एकूण लिहिता की नाही? ते नसेल तर चूक सापडणार कशी?"

एक पाठ त्याने मला माझ्याच चुकीवरून दिला. विटेची आतली भिंत साडेचार इंचांची असते. मी कार्यक्रमात अपूर्णांक दाखवू नको असे सांगून ठेवले होते, का तर आकडे नीटनेटके दिसावेत म्हणून. यंत्राने साडेचाराचे पाच केले. भिंत साडेचारचीच राहिली, पण कागदावर पाच उमटले. अशा दोन भिंती आल्या की एक इंच कोठून तरी उपटला आणि बेरीज बिघडली. नीटनेटकेपणाच्या हौसेने खरेपणाला कसा धक्का बसतो, याचे हे लहानसे उदाहरण.

दुसरी भानगड एककांची. आपल्या देशात मेट्रिक वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला. कचेरीतले नकाशे मीटर-मिलिमीटरमध्ये असतात. पण आमच्याकडचे गवंडी आणि सुतार अद्याप फूट, इंच आणि सूत यांतच बोलतात. एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर. संगणकाला मात्र नुसता आकडा कळतो. ३६ म्हणजे छत्तीस इंच की छत्तीस मिलिमीटर, हे आपण सांगितले नाही तर तीन फुटांचे दार दीड इंचाहूनही अरुंद होऊन बसते. म्हणून काम आरंभण्यापूर्वी एकक ठरवावे आणि नकाशाच्या कोपऱ्यात ते स्पष्ट लिहावे.

हे यंत्र फार जुने नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड या तरुण संशोधकाने १९६३ साली 'स्केचपॅड' नावाच्या कार्यक्रमात प्रकाशाच्या लेखणीने पडद्यावर रेघा काढून दाखविल्या. पुढे १९८२ साली 'ऑटोकॅड' आले आणि हळूहळू नकाशाचे फळकूट, टी-स्क्वेअर आणि शाईची लेखणी कचेऱ्यांतून मागे पडली. त्या जुन्या काळी प्रत्येक आकडा आरेखक हाताने लिहीत असे. रेघ एक आणि आकडा दुसरा, अशी चूक होणे तेव्हा सहज शक्य होते. संगणकाने ती शक्यता जवळजवळ संपविली, कारण आकडा रेघेतूनच जन्माला येऊ लागला. 'जवळजवळ' हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. कारण पळवाट एक उरलीच आहे, आणि ती मी शोधून काढली.

पाऊस सरला, आमच्या तरुणाला पुण्यास नोकरी लागली आणि तो गेला. जाण्यापूर्वी त्याने गावातील एका कुटुंबाच्या घराचा नकाशा काढून दिला होता. त्या कुटुंबाच्या मातीच्या घराची मागची भिंत पावसात खचली होती. मुलगा गोव्यात नोकरीस, शनिवारी येतो. घरी त्याची पत्नी, दोन मुले आणि वृद्ध आई. आईंना पक्षाघात होऊन उजवे अंग लुळे पडले आहे. त्या चाकांच्या खुर्चीत बसतात, आणि डाव्या हाताने व डाव्या पायाने ती थोडीफार चालवितात. जुन्या घरात उंबरठ्यांमुळे खुर्ची हलत नसे. न्हाणीत जावयाचे म्हणजे सूनबाईंनी त्यांना उचलून न्यावयाचे. त्या आईंनी मला एकदाच सांगितले होते, "फादर, नव्या घरात बाकी काही नको. मला कुणी उचलू नये, एवढे बघा."

तालुक्याच्या इंजिनियरांनी नकाशा तपासून दिला. घराच्या एका बाजूची मापे अशी होती: बाहेरची भिंत ९ इंच, स्वयंपाकघर ९ फूट, आतली भिंत साडेचार इंच, मधला बोळ, ज्याला आता सगळे पॅसेज म्हणतात, तो ३ फूट, पुन्हा साडेचार इंचांची भिंत, आईंची खोली १० फूट आणि शेवटी बाहेरची भिंत ९ इंच. एकूण २४ फूट ३ इंच. बोळाच्या टोकाला न्हाणीघर. आईंच्या खोलीचे दार बोळात उघडणारे.

एके दिवशी माझ्या मनात आले की खुर्ची सरळ जाईल खरी, पण वळेल का? चर्चच्या व्हरांड्यात आम्ही खडूने बोळ आखला, दार आखले आणि आईंना खुर्चीसह बोलाविले. खुर्चीची रुंदी दोन फूट एक इंच होती. पण पाय ठेवण्याच्या पट्ट्या धरून तिची लांबी साडेतीन फुटांच्या वर भरली. दारातून बाहेर पडून वळताना पट्टी समोरच्या खडूच्या रेघेवर गेली. आईंनी मागे घेतली, पुन्हा वळविली, पुन्हा तेच. मग मी समोरची रेघ सहा इंच मागे पुसून काढली. या वेळी खुर्ची वळली. बोळ साडेतीन फुटांचा हवा, हे ठरले. आई म्हणाल्या, "आता लिहून ठेवा, फादर. तोंडचे विसरायला होते."

त्या दिवशी संध्याकाळी मी संगणकापुढे बसलो. दुसऱ्या दिवशी गवंड्याला नकाशाची प्रत हवी होती आणि छापून देणारे दुकान आठ वाजता बंद होणार होते. बोळ रुंद करावयाचा म्हणजे भिंत सरकवावी लागणार. भिंत सरकली की स्वयंपाकघर लहान होणार. ओटा, खिडकी, दार सगळे पुन्हा पाहावे लागणार. घड्याळात सात वाजून गेले होते. तेव्हा मला आठवले की मापाच्या आकड्यावर दोनदा टिचकी मारली की एक चौकट उघडते आणि तिच्यात आपल्याला हवे ते लिहिता येते. यंत्राने मोजलेले माप झाकून आपले माप वर उमटते. मी ३ फूट पुसून ३ फूट ६ इंच लिहिले. भिंत उद्या-परवा सरकवू, असे मनाला बजावले, आणि प्रत घेऊन मोटारसायकलीवर दुकान गाठले.

उद्या-परवा ती सरकली नाही. एका शेजारच्या गावी आजारपण, नंतर एक अंत्यविधी, नंतर शाळेचे काम. आणि नकाशावर तर साडेतीन फूट लिहिलेलेच होते. लिहिलेले पाहिले की काम झाले असे मनाला वाटू लागते. मी स्वतःच लिहिलेल्या आकड्यावर मीच विश्वास ठेवू लागलो होतो.

पाहणाऱ्याला ती चूक दिसण्यासारखी नव्हती. नकाशा एकास पन्नास या प्रमाणात छापला होता. म्हणजे सहा इंच कागदावर अवघे तीन मिलिमीटर. तीन मिलिमीटरांचा फरक डोळ्याला कळत नाही. शिवाय कागदावर पट्टी ठेवून माप काढू नये, लिहिलेला आकडाच प्रमाण मानावा, हा बांधकामातील जुना नियम आहे, आणि तो योग्यच आहे. कागद दमट हवेने फुगतो, झेरॉक्स काढताना लहानमोठा होतो, आणि आता मोबाईलवर पाठविलेल्या चित्राला तर प्रमाणच उरत नाही. म्हणून कारागीर आकड्यावर विसंबतो. ज्याच्यावर तो विसंबतो तोच आकडा मी खोटा करून ठेवला होता.

बाहेरच्या भिंतींचे चर खणून झाले होते. ते अर्थातच एकूण मापाप्रमाणे, २४ फूट ३ इंचांचे. आतल्या भिंतींची आखणी करावयाच्या सकाळी मी तेथे गेलो. गवंडीमामा सत्तरीच्या घरातले. त्यांनी ओळंबा आणि सुताची दोरी बाजूला ठेवली, एका चिऱ्यावर बसले, चष्मा नाकावर सरकविला आणि सिमेंटच्या रिकाम्या पिशवीवर सुतारी पेन्सिलीने आकडे मांडू लागले. मांडता मांडता मोठ्याने म्हणत होते, "नऊ इंच. नऊ फूट. साडेचार इंच. साडेतीन फूट. साडेचार इंच. दहा फूट. नऊ इंच." मग थांबले. पुन्हा एकदा खालून वर बेरीज केली.

"फादर, हे जुळंना झालंय बघा. तुकडे मिळून चोवीस फूट नऊ इंच होतात. इकडे बाहेर लिहिलंय चोवीस फूट तीन इंच. सहा इंच कुठं गेले?"

माझ्या तोंडून शब्द निघेना. सहा इंच कोठे गेले ते मला पक्के ठाऊक होते. ते कोठेच गेले नव्हते, कारण ते कधी आलेच नव्हते. मी ते आईंना कागदावर देऊन टाकले होते, पण कोणाकडूनही घेतले नव्हते. यंत्राने मात्र आपली साक्ष बदलली नव्हती. तुकड्याचा आकडा मी झाकला. एकूण आकडा झाकावयास मी विसरलो, आणि तोच माझ्याविरुद्ध साक्षीस उभा राहिला.

मी विचारले, "मामा, आपण बेरीज केली नसती तर काय झाले असते?"

ते म्हणाले, "काय व्हायचंय? आम्ही दोन्हीकडनं खोल्या आतून पुऱ्या मापाच्या धरून येतो. खोलीत कमी पडलं तर घरवाला बोलतो. मध्ये उरंल ते पॅसेजला. पॅसेजला कोण बोलत नाही."

उरेल ते बोळाला! म्हणजे तीन फूट. म्हणजे भिंती उठल्या असत्या, गिलावा झाला असता, घरात जाण्याचा दिवस उजाडला असता, आणि आईंची खुर्ची दारातून निघून समोरच्या भिंतीला अडली असती. नकाशावर साडेतीन फूट लिहिलेलेच राहिले असते. सूनबाईंनी आईंना पहिल्याप्रमाणेच उचलून नेले असते, आणि कोणी मला काही बोललेही नसते.

सूनबाई तेथेच गड्यांना चहा देत होत्या. मी जे केले होते ते सर्वांदेखत सांगितले. गवंडीमामांनी पिशवीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाले, "असू दे. अजून वीट लागलेली नाही." इंजिनियरांना फोन केला. छप्पर लोखंडी कैच्यांवर आणि बाहेरच्या भिंतींवर उभे राहणार होते. साडेचार इंचांच्या आतल्या भिंतीवर भार नव्हता, तेव्हा ती सरकविण्यास त्यांची हरकत नव्हती. परंतु बाहेरचे माप वाढवू नका, असे त्यांनी बजाविले. म्हणजे प्रश्न एकच उरला: सहा इंच द्यावयाचे कोणी? आईंच्या खोलीतून घ्यावेत, तर खाटेशेजारी खुर्ची फिरविण्यास जागा पुरेना. दुसरीकडे होते स्वयंपाकघर.

सूनबाईंनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "माझ्याकडचे घ्या, फादर. ओटा आहे तेवढाच राहू दे. फळी थोडी अरुंद करू. रोज उचलण्यापेक्षा ते बरे."

त्यांच्या बोलण्यात त्यागाचा आव नव्हता. साधा हिशेब होता. पण मी मनात ओशाळलो. हा प्रश्न मी आठ दिवसांपूर्वीच त्यांना विचारावयास हवा होता. विचारण्याचे कष्ट आणि भिंत सरकविण्याचे कष्ट दोन्ही टाळण्यासाठी मी आकडा बदलला होता. स्वयंपाकघर त्यांचे, त्यातील सहा इंच द्यावेत की नाही हे ठरविण्याचा अधिकार त्यांचा. खोट्या आकड्याने तो अधिकारच त्यांच्यापासून लपविला.

त्याच दुपारी मी संगणक उघडला. प्रथम माझा लिहिलेला आकडा काढून टाकला; त्याबरोबर खालचे खरे माप, ३ फूट, निमूटपणे वर आले. नंतर भिंत आणि तिच्यावर टेकलेल्या माप-रेघांची टोके एकत्र निवडून सहा इंच दक्षिणेकडे सरकविली. तेव्हा पडद्यावर जे झाले ते मी विसरणार नाही. एकाच क्षणी दोन आकडे बदलले. बोळाचे ३ फूट होते ते ३ फूट ६ इंच झाले, आणि त्याच्या शेजारी स्वयंपाकघराचे ९ फूट होते ते ८ फूट ६ इंच झाले. एकूण माप २४ फूट ३ इंच, होते तसेच. एकाला दिले ते दुसऱ्याकडून आले, आणि कोणी दिले ते कागदावर सर्वांना दिसले. मग मी पिशवीच्या एका तुकड्यावर गवंडीमामांसारखी बेरीज केली. जुळली.

यावरून मला एक गोष्ट उमगली. घरात जागा निर्माण करता येत नाही. ती इकडून तिकडे द्यावी लागते. खऱ्या मापाचे काम केवळ लांबी सांगणे एवढेच नाही. देणारा कोण आणि घेणारा कोण, हेही ते उघड करते. खोटा आकडा हा अचूकपणाचा दोष तर आहेच, पण त्याहून मोठा दोष असा की तो दिल्याचे समाधान देतो आणि प्रत्यक्षात काही देत नाही. ज्याला सर्वांत कमी बोलता येते, त्याच्या वाट्याला मग 'उरेल ते' येते.

आता ज्यांना घर बांधावयाचे आहे त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. नकाशा हाती आला की रंगीत चित्राकडे नंतर पाहा; आधी प्रत्येक बाजूच्या तुकड्यांची बेरीज करून ती एकूण मापाशी ताडून पाहा. यास चौथीचे गणित पुरते. बेरीज जुळली नाही तर संकोच न धरता विचारा. दुसरे असे की, लिहिलेले माप कोठून कोठपर्यंतचे आहे, विटेपासून विटेपर्यंत की गिलावा झाल्यानंतरचे, हे विचारून घ्या. दोन्ही बाजूंचा गिलावा मिळून सुमारे एक इंच खातो. आमचा साडेतीन फुटांचा बोळ शेवटी तीन फूट पाच इंच भरला. तिसरे, दाराचे माप. भिंतीत सोडलेली जागा, चौकटीचे बाहेरचे माप आणि माणसाला जाण्यास मोकळी मिळणारी जागा ही तीन निराळी मापे आहेत. तीन फुटांच्या चौकटीतून आत मोकळी जागा दोन फूट आठ इंचांच्या आसपासच मिळते. खाट, कपाट किंवा खुर्ची जावयाची असेल तर शेवटचे माप विचारा. चौथे, एकच माप नकाशावर दोन ठिकाणी लिहिलेले असेल, तर पुढे बदल करताना एक बदलते आणि दुसरे तसेच राहते. म्हणून प्रत्येक माप एकदाच लिहिलेले बरे.

आणि जी मुले-मुली संगणकावर नकाशे काढावयास शिकत आहेत त्यांना एकच सांगणे. आकडा चुकीचा दिसला तर आकड्याला हात लावू नका, भिंतीकडे जा. भिंत सरकवा, आकडा आपोआप येईल. हातात सोय आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे असे नाही. आमच्या तरुणाला मी फोनवर हे सारे कळविले. तो क्षणभर गप्प बसला आणि मग म्हणाला, "फादर, ती चौकट मी तुम्हाला कधी दाखविली नव्हती." खरेच होते. ती मी माझी मीच शोधली होती.

घर जानेवारीत पुरे झाले. गिलावा सुकल्यावर गवंडीमामांनी बोळात टेप लावून माप मला दाखविले आणि काही न बोलता टेप गुंडाळला. नंतर आईंना खोलीत नेले. त्यांनी डाव्या हाताने चाक फिरविले, दारातून निघाल्या, एकदा थांबल्या, वळल्या आणि न्हाणीघराकडे गेल्या. दार आतून लागल्याचा आवाज आला. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. सवयीने पदर खोचून पुढे निघाल्या होत्या, त्या तशाच थांबल्या. हातांचे काय करावे हे त्यांना क्षणभर सुचले नाही. मग त्या मागे वळल्या आणि साडेआठ फुटांच्या त्या स्वयंपाकघरात कामाला लागल्या.

चुकीचा तो नकाशा मी फाडला नाही. त्याच्या मागे सिमेंटच्या पिशवीचा तो तुकडा टाचून दोन्ही माझ्या टेबलाच्या खणात ठेवले आहेत. संध्याकाळी घाई झाली आणि एखादे काम नुसते लिहून टाकावे असे वाटले, म्हणजे मी खण उघडतो आणि गवंडीमामांची बेरीज पुन्हा एकदा वाचतो.